पहिल्या बोहनीच्या आधी आणि नंतर

नोकरी सुटलेल्या माणसाला नातेवाईक आणि शेजारीपाजारी जो सल्ला सर्वांत आधी देतात, तो ‘एखादा छोटा धंदा टाक’ हा असतो. सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. परंतु चाकणच्या कारखान्यातले कंत्राट संपल्यामुळे घरी बसलेला तरुण, पती गेल्यानंतर दोन मुलांना घेऊन येरवड्यात भाड्याच्या खोलीत राहणारी बाई, अपघातात पाय अधू झाल्यामुळे रिक्षा सोडावी लागलेला गृहस्थ, किंवा पन्नाशीत धुण्याभांड्याची कामे झेपेनाशी झालेली घरकामगार, यांनी धंदा टाकायचा म्हणजे नेमके काय काय जमवायचे, कोणत्या क्रमाने जमवायचे आणि त्यांना मदत करू पाहणाऱ्याने कोठे उभे राहायचे, याचा उलगडा त्या सल्ल्यात नसतो. तो करण्याचा हा प्रयत्न आहे. गेली काही वर्षे पुण्यात अशा लोकांचे अर्ज भरून देण्याचे आणि त्यांच्याबरोबर बँकेत जाऊन बसण्याचे काम मी स्वयंसेवक म्हणून करतो आहे. त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे: कर्ज हा या कामातला मधला टप्पा आहे, आणि आपण मात्र त्यालाच सुरुवात आणि शेवट समजत आलो आहोत.

स्वयंरोजगाराकडे माणसे दोन वाटांनी येतात. काहींना बाजारात एखादी संधी दिसते आणि ते हातची नोकरी सोडून येतात. काहींपुढे दुसरा मार्गच उरलेला नसतो. पहिल्या प्रकारच्या माणसाकडे थोडी शिल्लक असते, ओळखी असतात आणि धंदा बसलाच तर परत नोकरी मिळण्याची शक्यता असते. दुसऱ्या प्रकारच्या माणसाकडे यांपैकी काहीच नसते. त्याला धंद्याच्या पहिल्या दिवसापासून त्याच धंद्यातून घर चालवायचे असते. आपल्याकडच्या बहुतेक योजनांचे अर्ज मात्र दोघांसाठी सारखेच आहेत, आणि गोंधळाची सुरुवात येथूनच होते.

घरखर्च कोणी भागवायचा?

या प्रश्नाकडे इतर देशांनी कसे पाहिले, ते थोडे समजून घेणे उपयोगी आहे. ब्रिटनमध्ये 1980च्या दशकाच्या सुरुवातीला बेरोजगारी फार वाढली, तेव्हा तेथील सरकारने स्वतःचा धंदा सुरू करणाऱ्या बेरोजगारांना वर्षभर दर आठवड्याला 40 पौंड देण्याची योजना आणली. अट अशी होती की अर्जदाराने स्वतःचे 1,000 पौंड भांडवल उभे करून दाखवावे. जर्मनीत 2006 पासून धंदा सुरू करणाऱ्या बेरोजगाराला पहिले काही महिने बेकारभत्त्याइतकी रक्कम आणि शिवाय सामाजिक विम्यासाठी दरमहा 300 युरो मिळत असत. या दोन्ही योजनांमधले पैसे यंत्र घेण्यासाठी किंवा माल भरण्यासाठी दिलेले नव्हते. गिऱ्हाईक जमेपर्यंत चूल पेटती राहावी, एवढ्यासाठीच ते होते.

आपल्याकडे असंघटित क्षेत्रात काम करणाऱ्याला बेकारभत्ता नाही. त्यामुळे घरखर्चाचा हा भार कोठेतरी पडतोच, आणि तो बहुधा धंद्यासाठी घेतलेल्या कर्जावर पडतो. शिलाई मशीनसाठी घेतलेल्या पैशांतून मुलाची शाळेची फी भरली जाते, मालासाठीच्या पैशांतून सासूचे औषध येते. कर्ज देणारा याला ‘रकमेचा गैरवापर’ म्हणतो. मला तो शब्द अन्यायाचा वाटतो, कारण त्या बाईपुढे दुसरा पैसाच नसतो.

एक हिशेब मांडून पाहू. आकडे कल्पित आहेत, पण रीत खरी आहे. समजा, हडपसरमधल्या एका महिलेने परिसरातल्या कंपन्यांमधील एकट्या राहणाऱ्या मुलांसाठी पोळीभाजीचे डबे सुरू केले. डब्याचा दर 70 रुपये, महिन्याचे 26 दिवस. रोज 25 डबे गेले तर महिन्याची विक्री 45,500 रुपये होते. एका डब्याचे साहित्य 38 रुपये धरले तर त्याचे 24,700 रुपये, गॅसचे 4,500, डबे पोहोचवणाऱ्या मुलाचे 5,000 आणि बांधणीचे 1,300, असा एकूण खर्च 35,500 रुपये होऊन 10,000 रुपये उरतात. भांडी, मोठी शेगडी आणि फ्रीज यांसाठी तिने एक लाख रुपये तीन वर्षांच्या मुदतीने 12 टक्के व्याजाने घेतले असतील तर महिन्याचा हप्ता सुमारे 3,320 रुपये पडतो. म्हणजे घरी न्यायला सुमारे 6,680 रुपये राहतात. ही रक्कम थोडी आहे, पण धंदा तग धरू शकतो.

पहिल्या महिन्यात 25 डबे जात नाहीत. समजा, दहाच गेले. विक्री 18,200 रुपये. साहित्य 9,880, गॅस 2,500, पोहोचवणाऱ्याचे तेच 5,000 आणि बांधणीचे 520, मिळून खर्च 17,900 रुपये. हाती उरतात 300 रुपये, आणि हप्ता उभा आहे 3,320 रुपयांचा. स्वयंपाक उत्तम आहे, दर योग्य आहे, गिऱ्हाईक हळूहळू वाढणार आहे, तरीही पहिल्याच महिन्यात ती तीन हजारांनी मागे आहे आणि त्यात घरभाडे धरलेलेही नाही. असे तीन महिने गेले की ती खासगी सावकाराकडे जाते, आणि धंदा चांगला असूनही बुडतो.

हप्ता सुरू होण्याआधी थोडी सवलत मिळाली तर काय होते, याचा एक प्रयोग कोलकात्यात झाला होता. सूक्ष्मकर्ज घेणाऱ्या काही महिलांचा पहिला हप्ता नेहमीप्रमाणे दोन आठवड्यांनी, तर काहींचा दोन महिन्यांनी सुरू करण्यात आला. ज्यांना दोन महिने मिळाले त्यांनी धंद्यात अधिक पैसे घातले आणि तीन वर्षांनंतर त्यांचा नफाही जास्त होता. मात्र याच गटात कर्ज थकण्याचे प्रमाणही वाढले. याचे कारण समजण्यासारखे आहे: मोकळीक मिळाली की माणूस थोडी जोखीम घेतो, आणि जोखीम घेतली की काहींचे जमते, काहींचे फसते. संस्था स्वतःची वसुली सुरक्षित ठेवण्यासाठी पहिल्या आठवड्यापासून हप्ता लावते, तेव्हा ती ऋणकोला जोखीम नसलेल्या, म्हणजेच कमाईही नसलेल्या धंद्याकडे ढकलत असते, हे यावरून दिसते.

म्हणून मदत करणाऱ्याने पहिला प्रश्न ‘किती कर्ज हवे?’ असा विचारू नये. पुढचे सहा महिने घरात दुसरा पैसा कोठून येणार आहे, हे आधी विचारावे. धुण्याभांड्याची पाच घरे असतील तर पाचही सोडू नयेत, दोन ठेवावीत. घरातल्याच भांड्यांत, घरच्याच शेगडीवर आठ डबे सुरू करावेत, आणि आठाचे पंधरा झाल्यावर कर्जाचा विचार करावा. हा सल्ला ऐकणाऱ्याला नीरस वाटतो, कारण त्यात उद्घाटनाचा नारळ फुटत नाही. परंतु बँकेत जाताना ‘मी डबे करणार आहे’ असे सांगणाऱ्या बाईपेक्षा ‘मी चार महिने डबे करते आहे, ही माझी वही’ असे सांगणाऱ्या बाईचे ऐकून घेतले जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

अनुदान आणि कर्ज यांतला फरक

योजनांची नावे पुष्कळ आहेत. सामान्य माणसाच्या दृष्टीने त्यांचे तीन प्रकार पाडले म्हणजे पुरे: नुसते कर्ज मिळवून देणाऱ्या, कर्जाबरोबर अनुदान देणाऱ्या, आणि भरलेले व्याज परत करणाऱ्या.

पहिल्या प्रकारात 8 एप्रिल 2015 रोजी सुरू झालेली प्रधानमंत्री मुद्रा योजना येते. ‘शिशु’ या गटात 50,000 रुपयांपर्यंत, ‘किशोर’ गटात 5 लाखांपर्यंत, ‘तरुण’ गटात 10 लाखांपर्यंत आणि पूर्वीचे ‘तरुण’ कर्ज नीट फेडलेल्यांना 20 लाखांपर्यंत कर्ज विनातारण मिळू शकते. ‘मुद्रा’ स्वतः कोणालाही थेट कर्ज देत नाही. कर्ज बँक किंवा वित्तसंस्थाच देते आणि द्यायचे की नाही हेही तीच ठरवते. या योजनेसाठी कोणीही दलाल नेमलेले नाहीत. त्यामुळे ‘मुद्रा लोन पास करून देतो, आधी फाइलचे पाच हजार भरा’ असे म्हणणाऱ्याला पैसे देऊ नयेत, हे प्रत्येक वस्तीत पुन्हा पुन्हा सांगावे लागते. पथविक्रेत्यांसाठी जून 2020 मध्ये सुरू झालेली पीएम स्वनिधी योजनाही मुख्यतः याच प्रकारातली आहे. तिच्यात पहिले कर्ज 10,000 रुपयांचे होते. 2025 मध्ये ते 15,000 करण्यात आले, दुसरे 25,000 आणि तिसरे 50,000 रुपयांचे मिळते. वेळेवर फेड केल्यास 7 टक्के व्याज परत मिळते. रक्कम लहान वाटेल, पण पहाटे मार्केट यार्डात रोखीने माल उचलून संध्याकाळपर्यंत विकणाऱ्या भाजीवाल्याला 15,000 रुपयांनी महिनोन्महिने सावकारापासून दूर ठेवता येते, आणि शिवाय बँकेच्या नोंदीत त्याचे नाव पहिल्यांदा चांगल्या अर्थाने चढते.

दुसऱ्या प्रकारातल्या योजनांविषयी सर्वाधिक गैरसमज आहेत, म्हणून तेथे थोडे थांबतो. केंद्र सरकारचा प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम 2008 मध्ये सुरू झाला. जिल्हा उद्योग केंद्र, खादी आयोग आणि खादी मंडळ यांच्यामार्फत तो राबवला जातो. 2022च्या सुधारणेनंतर उत्पादन उद्योगासाठी 50 लाखांपर्यंतचा आणि सेवा उद्योगासाठी 20 लाखांपर्यंतचा प्रकल्प त्यात बसतो. सर्वसाधारण गटाला शहरात 15 टक्के आणि ग्रामीण भागात 25 टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक, माजी सैनिक, दिव्यांग अशा विशेष गटांना शहरात 25 टक्के आणि ग्रामीण भागात 35 टक्के अनुदान आहे. स्वतःचा वाटा सर्वसाधारण गटाने 10 टक्के आणि विशेष गटाने 5 टक्के घालायचा असतो. राज्य सरकारचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम 2019 पासून साधारण याच धर्तीवर चालतो.

आता पुणे शहरातील एका महिलेने 5 लाखांचा प्रकल्प मांडला असे समजू. तिचा वाटा 25,000 रुपये, अनुदान 1,25,000 रुपये. ऐकणाऱ्याला वाटते की सव्वा लाख रुपये हातात पडणार. तसे होत नाही. बँक 4,75,000 रुपये कर्ज मंजूर करते. अनुदानाची रक्कम तिच्या नावाने त्याच बँकेत तीन वर्षे ठेवीसारखी अडकवून ठेवली जाते. त्या रकमेवर तिला व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर बँक व्याज लावत नाही. तीन वर्षांनी पडताळणी होते, धंदा चालू असल्याचे दिसले तर ती रक्कम कर्जात वळती होते. धंदा मध्येच बंद पडला तर अनुदान परत जाते आणि पूर्ण कर्ज डोक्यावर राहते. म्हणजे अनुदान हे धंदा टिकवल्याचे बक्षीस आहे. ते सुरुवातीचे भांडवल नाही. ‘पस्तीस टक्के माफ’ या एका वाक्यावर विश्वास ठेवून गरजेपेक्षा दुप्पट मोठे यंत्र घेतलेली माणसे मी पाहिली आहेत. कोटेशन देणारा दुकानदारही अनेकदा अनुदानाचे नाव ऐकून किंमत वाढवून सांगतो, आणि मग सवलतीचा मोठा भाग त्याच्याच खिशात जातो. तीन दुकानांतून कोटेशन घ्यावे, हा साधा नियम येथे हजारो रुपये वाचवतो.

व्याज परत करणाऱ्या योजनांमध्ये 1998 मध्ये स्थापन झालेले अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळ सर्वांना माहीत आहे. ते स्वतः कर्ज देत नाही. बँकेचा हप्ता वेळेवर भरल्यावर त्यातील व्याज ठरावीक मर्यादेपर्यंत परत करते. अनुसूचित जातींसाठी 1978 पासून महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आणि मातंग समाजासाठी 1985 पासून अण्णा भाऊ साठे विकास महामंडळ आहे. दिव्यांग, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग आणि अल्पसंख्याक यांचीही वेगळी महामंडळे आहेत. प्रत्येकाचे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून गेल्या वर्षी शेजाऱ्याला काय मिळाले यावर न विसंबता प्रत्यक्ष कार्यालयात चौकशी करावी.

कागद

ज्यांना मदतीची सर्वाधिक गरज असते त्यांची गाडी बँकेच्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच कागदांत रुतते. आधार कार्डावर सासरचे नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, जातीचा दाखला वडिलांच्या नावाने आणि बँक खात्यात आडनावाचे स्पेलिंग वेगळे, असे एकाच बाईचे चार अवतार कागदोपत्री असतात. नवरा सोडून गेलेला असेल तर अडचण वाढते, कारण नाव बदलायचे म्हटले तरी विवाहाचा पुरावा त्याच्याकडे असतो. दुसरी अडचण जागेची. धंद्याच्या जागेचा करारनामा मागितला जातो, आणि वस्तीतला खोलीमालक करारनामा करून द्यायला तयार नसतो. परगावाहून आलेल्याकडे रेशनकार्ड गावचे असते. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र अनेकांनी काढलेलेच नसते. 2016च्या कायद्याने 21 प्रकारचे दिव्यांगत्व मान्य केले आहे आणि बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्क्यांची अट आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

ही कामे कंटाळवाणी आहेत आणि त्यांचे छायाचित्र कोठेही छापून येत नाही. तरीही एखाद्या संस्थेला किंवा व्यक्तीला खरोखर मदत करायची असेल, तर माझ्या मते पहिले तीन महिने केवळ यासाठी द्यावेत. राजपत्रात नाव बदलून घेणे, खाते दुरुस्त करणे, पतविषयक अहवाल काढून पाहणे. या शेवटच्या कामाचे महत्त्व लोकांना उशिरा कळते. भावाच्या मोटरसायकलच्या कर्जाला जामीन राहिल्यामुळे किंवा मोबाइलचा हप्ता चुकल्यामुळे कित्येकांचा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून ठरणारा गुणांक, खाली गेलेला असतो आणि ते त्यांना बँकेत नकार मिळेपर्यंत ठाऊक नसते. हा स्कोअर 300 ते 900 या मर्यादेत असतो. तो आधी पाहिला, थकलेली लहान रक्कम भरली आणि काही महिने थांबले, तर एक नकार टळतो.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्याची सरकारदरबारी नोंद, मोफत आहे आणि ती घरबसल्या होते. खाद्यपदार्थांच्या धंद्याला अन्न सुरक्षा विभागाची नोंदणी लागते. वर्षाची विक्री मालासाठी 40 लाखांच्या आणि सेवेसाठी 20 लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, त्यामुळे त्या भीतीने कोणी मागे राहू नये.

शिकवणे आणि सोबत राहणे

कर्नाटकातील उजिरे येथे 1982 मध्ये धर्मस्थळाचे डॉ. वीरेंद्र हेगडे यांच्या पुढाकाराने आणि दोन बँकांच्या सहभागाने बेरोजगार तरुणांना स्वयंरोजगाराचे निवासी प्रशिक्षण देणारी संस्था उभी राहिली. तिच्याच नमुन्यावर आता देशभर जिल्ह्याजिल्ह्यांत बँकांनी चालवलेल्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत. या संस्थांमध्ये प्रशिक्षण, राहणे आणि जेवण विनामूल्य असते. पण त्या नमुन्यातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग वेगळा आहे: प्रशिक्षण संपल्यावर प्रशिक्षणार्थीचा दोन वर्षे पाठपुरावा करायचा, असा त्यांचा नियम आहे. शिवणकाम किंवा दुचाकी दुरुस्ती महिनाभरात शिकवता येते. उधारी मागणाऱ्या ओळखीच्या माणसाला नाही कसे म्हणायचे, हे दुकान उघडल्यानंतर तिसऱ्या महिन्यातच शिकता येते, आणि तेव्हा कोणीतरी जवळ असावे लागते.

हिशेब शिकवण्याबाबत डॉमिनिकन रिपब्लिक या देशात एक उपयुक्त प्रयोग झाला. लहान धंदेवाल्यांच्या एका गटाला रीतसर लेखाशास्त्र शिकवले गेले आणि दुसऱ्याला फक्त साधे ठोकताळे सांगितले गेले, जसे की धंद्याचा पैसा आणि घरचा पैसा वेगवेगळा ठेवावा. लेखाशास्त्र शिकलेल्यांच्या वागण्यात फारसा फरक पडला नाही. ठोकताळे शिकलेल्यांचे व्यवहार सुधारले. आपल्याकडे हे दोन डब्यांनी साधते. एका डब्यात गल्ला, दुसऱ्यात घर. रोज रात्री गल्ल्यातून ठरलेली रक्कमच घरच्या डब्यात टाकायची, आणि जास्त लागली तर ती वहीत उधारी म्हणून लिहायची, मग ती स्वतःच्याच नावाने का असेना. आफ्रिकेतील टोगो येथेही असेच दिसले. तेथे पुढाकार घेण्याची, अडचण आली तरी चिकटून राहण्याची सवय शिकवणाऱ्या प्रशिक्षणानंतर लहान उद्योजकांचा नफा सुमारे 30 टक्क्यांनी वाढला आणि नेहमीच्या व्यवसाय प्रशिक्षणापेक्षा त्याचा परिणाम अधिक झाला.

अनुभवी व्यावसायिकाची एकास एक सोबत देण्याची पद्धत भारतीय युवा शक्ती ट्रस्टने 1992 पासून वापरली आहे. दलित उद्योजकांना एकत्र आणणारी ‘डिक्की’ ही संस्था 2005 मध्ये पुण्यातच सुरू झाली. अन्नपूर्णा परिवाराने 1993 पासून पुण्यातल्या वस्त्यांमध्ये भाजीवाल्या आणि लहान धंदा करणाऱ्या महिलांना गटाच्या जामिनावर कर्ज दिले, आणि पुढे त्याला आजारपणाच्या खर्चासाठी परस्पर सहाय्याच्या निधीची जोड दिली. ही जोड महत्त्वाची आहे. गरिबाचा धंदा मंदीने बुडतो त्यापेक्षा घरातल्या आजारपणाने अधिक वेळा बुडतो, हे रोज पाहणाऱ्यालाच सुचू शकते.

महिलांबाबत आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. श्रीलंकेत लहान धंदेवाल्यांना अनुदान देऊन पाहण्यात आले, तेव्हा पुरुषांच्या नफ्यात वाढ झाली आणि महिलांच्या नफ्यात जवळजवळ काहीच नाही. अनेकांनी त्यावरून निष्कर्ष काढला की महिलांना धंदा जमत नाही. पुढे त्याच आकड्यांचा पुन्हा अभ्यास झाला, तेव्हा कळले की बायकांच्या नावाने आलेला पैसा पुष्कळदा नवऱ्याच्या धंद्यात गेला होता. ज्या घरात धंदा करणारी ती एकटीच होती, तेथे तिचा नफा पुरुषांइतकाच होता. बचत गटातून ताईंच्या नावाने कर्ज उचलून दादांच्या टेम्पोचा हप्ता भरला जातो, हे आपल्या वस्त्यांमध्येही सर्वांना ठाऊक असते. त्यामुळे कर्ज कोणाच्या नावाने दिले, याबरोबरच माल कोण आणते आणि गल्ल्याची किल्ली कोणाकडे असते, हेही मदत करणाऱ्याने आपुलकीने विचारावे.

ज्यांच्याकडे काहीच नाही

अगदी तळाशी असलेल्या माणसांना, ज्यांना दोन वेळच्या जेवणाची खात्री नाही त्यांना, कर्ज देणे हे मुळातच चुकीचे साधन आहे. सूक्ष्मकर्जावर निरनिराळ्या देशांत झालेल्या सहा काटेकोर अभ्यासांचे निष्कर्ष 2015 मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. त्यांतला एक अभ्यास हैदराबादचा होता. त्यांतून निघाले ते असे की कर्जामुळे काहींना थोडा लाभ होतो, पण सरासरीने गरिबी हटत नाही. त्याच वर्षी दुसऱ्या एका पद्धतीचे निकालही प्रसिद्ध झाले. ही पद्धत बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेने 2002 मध्ये सुरू केली. तिच्यात कुटुंबाला शेळ्या, कोंबड्या किंवा लहान दुकानाचा माल फुकट दिला जातो, काही महिने घरखर्चासाठी रोख रक्कम दिली जाते, बचत करायला लावले जाते, आरोग्याकडे लक्ष पुरवले जाते आणि सुमारे दोन वर्षे एक कार्यकर्ता नियमित घरी येतो. भारतासह सहा देशांतील दहा हजारांहून अधिक कुटुंबांवर तिची पाहणी झाली, आणि मदत थांबल्यानंतर वर्षभरानेही त्या कुटुंबांचे खाणे, उत्पन्न आणि मालमत्ता सुधारलेली आढळली. या पाहणीतील अभ्यासक अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना 2019 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ब्रिटनच्या 40 पौंडांत आणि ब्रॅकच्या रोख रकमेत एकच विचार आहे. वस्तू दिली आणि घरखर्च दिला नाही, तर शेळी विकली जाते.

प्रत्येकाने एकट्याने मालक व्हावे असेही नाही. पुण्यातल्या कचरावेचकांनी 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी केली आणि त्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली, जिने 2008 मध्ये महापालिकेशी करार करून दारोदारच्या कचरा संकलनाचे काम घेतले. या महिलांना कोणी प्रकल्प अहवाल लिहायला शिकवून एकेकटीचे दुकान काढून दिले असते, तर बहुतेक दुकाने टिकली नसती. त्यांच्या हातात असलेल्या कौशल्याला ओळखपत्र, हातगाडी आणि करार मिळाला, म्हणून तो व्यवसाय झाला. हातगाडीवरच्या विक्रेत्यालाही असाच कायदेशीर आधार 2014च्या पथविक्रेता कायद्याने दिला आहे: सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य स्वतः विक्रेते असावे लागतात. ज्याची गाडी उद्या उचलली जाईल त्याला आज व्यवसाय प्रशिक्षण देऊन काय साधणार?

धंदा बसला तर

या भागाविषयी प्रशिक्षणात कोणी बोलत नाही, आणि मला त्याचे सर्वांत जास्त वाईट वाटते. लहान धंद्यांपैकी बरेच बंद पडतात. शासनाच्या पतहमीमुळे कर्ज विनातारण मिळते, म्हणून कित्येकांचा समज असतो की धंदा बसला तर सरकार भरेल. ती हमी बँकेच्या नुकसानीची असते. कर्ज घेणाऱ्याची जबाबदारी तिने संपत नाही. हप्ता 90 दिवस थकला की खाते अनुत्पादक ठरते, म्हणजे बँक ते थकीत कर्जांत धरते, आणि त्याची नोंद पुढे वर्षानुवर्षे आड येते. त्याआधीच्या 90 दिवसांत मात्र बरेच काही करता येते.

पण नेमक्या याच दिवसांत माणूस फोन उचलणे बंद करतो. बँकेचा उचलत नाही, आमचाही उचलत नाही. लाजेने उचलत नाही. अशा वेळी मी घरी जातो आणि वही मागतो. यंत्र विकून किती येतील, उधारी कोणाकडे किती अडकली आहे, महिन्याला हजार का होईना भरता येतील का, हे आम्ही बसून लिहितो. मग तो कागद घेऊन, 90 दिवस पुरे व्हायच्या आत, दोघे मिळून शाखेत जातो आणि मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचा लेखी अर्ज देतो. अर्जाची एक प्रत शिक्का मारून परत घेतो आणि ती त्याच वहीत ठेवतो.